पाच घरांचे शब्द

ज्याचं इंग्रजी दांडगं त्याला वर्डल चांगलं खेळता येतं, असा एक समज आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो जवळजवळ रोज सकाळी खोटा ठरतो. भाऊजी इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. त्यांचा शब्द पाचव्या नाहीतर सहाव्या ओळीत सुटतो, कधी सुटतही नाही. ताई मराठी माध्यमातली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचा तिसऱ्या-चौथ्या ओळीत सुटतो. त्यावर ती काही बोलत नाही. हिरवे चौकोन ग्रुपवर टाकते आणि मेथी निवडायला बसते. मी या दोघांच्या मधली. माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे शब्द न वाचता त्यातली अक्षरं वाचायची सवय पोटापाण्यासाठीच लागलेली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच अक्षरी एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो आणि तो ओळखायला सहा संधी मिळतात. टाकलेलं अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवं होतं, शब्दात असूनही जागा चुकली असेल तर पिवळं, शब्दात नसेलच तर राखाडी. दिवसाला एकच शब्द, आणि सगळ्या जगाला तोच. जॉश वॉर्डल हा वेल्समध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याने हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी, बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला केला. १ नोव्हेंबरला तो ९० जण खेळत होते, २ जानेवारी २०२२ ला तीन लाख. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरहून जास्त किंमत मोजून विकत घेतला. तेव्हापासून आमच्या घरातल्या सकाळी बिघडल्या आहेत. त्या बिघाडातून जे हाती लागलं ते असं.

१. अग्रलेखातले शब्द बाजूला ठेवा

या खेळात टाकता येतील असे पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या वर आहेत. पण उत्तर त्यातलं कुठलंही नसतं. पलक शाहने ही सगळी यादी चाळली आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न लावला: मला हा माहीत आहे का? उरले २,३१५. मूळ खेळाची उत्तरं एवढ्यातूनच यायची. टाइम्सने पुढे त्यात काटछाट केली, नोव्हेंबर २०२२ पासून तर ट्रेसी बेनेट या संपादक म्हणून ही यादी सांभाळू लागल्या. पण बाज तोच राहिला. उत्तर म्हणून येतो तो ब्रेड, चेअर, क्लाउड अशा घरगुती चेहऱ्याचा शब्द.

भाऊजींना हे पटत नाही. त्यांचा आवडता शब्द ‘युकेस’. झारचं फर्मान असा त्याचा मूळ अर्थ, आणि आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांना सरकारवर टीका करताना तो फार आवडतो. यू-के-ए-एस-ई, बरोबर पाच घरं. खेळ तो शब्द मुकाट्याने स्वीकारतो, पण उत्तरांच्या मूळ यादीत तो नव्हताच. एक संधी वाया घालवून भाऊजी म्हणतात, “शब्द तर बरोबर होता ना?” स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ‘व्होकॅब’ म्हणून जे भारदस्त शब्द घोकून घेतात, त्यांचाही इथे असाच उपयोग होतो. ताईकडे असे शब्द नाहीतच, त्यामुळे तिला ते टाळावे लागत नाहीत.

२. आधी ई पकडा

आमचे वडील पोस्टात तारमास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. जेवण झाल्यावर ते टेबलावर बोट वाजवत बसायचे आणि आम्ही कोणतं अक्षर ते ओळखायचं. ई म्हणजे एक टिंब, टी म्हणजे एक रेघ. ए, आय आणि एन या अक्षरांना दोनच खुणा. जे मात्र लांबलचक, एक टिंब आणि तीन रेघा. क्यूच्याही चार खुणा, त्यातल्या तीन रेघा. लहानपणी हे मनाला येईल तसं ठरवलेलं वाटायचं. पण त्यामागे चोख हिशेब होता. जे अक्षर सारखं लागतं त्याला कमीत कमी कष्ट. सॅम्युअल मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या छापखान्यात जाऊन कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवले आहेत ते मोजलं आणि त्यावरून खुणा वाटल्या, असं सांगतात. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद पडली, पण तो हिशेब अजून चालतो.

छापखान्यातही मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. मी कामाला लागले तेव्हा खिळे अजून वापरात होते. इंग्रजी केसमध्ये ईचा कप्पा सगळ्यात मोठा आणि हाताच्या अगदी समोर. क्यू, झेड, एक्स ही मंडळी कडेच्या बारक्या खणांत. आमचा कंपॉझिटर गप्पा मारत ओळ जुळवायचा आणि ई उचलताना खाली पाहायचाही नाही. झेड लागला की मात्र गप्पा थांबायच्या. ईचा कप्पा दिवसातून कितीदा तरी भरावा लागे. क्यूच्या कप्प्यात नुसती धूळ.

वर्डलच्या त्या मूळ २,३१५ शब्दांत ई १,२३३ वेळा येतो, त्याखालोखाल ए, आर, ओ, टी. तळाला जे, फक्त २७ वेळा. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा आर्किटेक्ट होता. १९३० च्या मंदीत हातचं काम गेलं तेव्हा त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन अक्षरं मोजली आणि १०० सोंगट्यांत ईला १२ दिल्या, क्यू आणि झेडला एकेक. त्या पानांत न्यूयॉर्क टाइम्सचं पहिलं पानही होतं. म्हणजे दोन्ही खेळ शेवटी एकाच पेपराच्या दारात आले.

पहिला शब्द कोणता टाकावा यावर भरपूर वाद झाले आहेत. गणिताचे व्हिडिओ करणारे ग्रँट सँडरसन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये माहितीशास्त्राचा हिशेब मांडून ‘क्रेन’ हा शब्द सुचवला. थोड्याच दिवसांत दुसरा व्हिडिओ काढून, आपल्या प्रोग्रॅममध्ये खोट होती, क्रेन सर्वोत्तम नव्हे, असंही तेच म्हणाले. संगणकाच्या मते अव्वल ठरतो तो ‘सॅलेट’, मध्ययुगातलं एक शिरस्त्राण. मी तो टाकत नाही. सुरुवातीलाच उत्तर निघण्याची पुसट शक्यता तरी असावी, एवढी हाव मला आहे. म्हणून मी ‘स्लेट’ टाकते. अक्षरं तीच, फक्त जागा वेगळ्या.

३. अक्षर कुठे बसतं ते बघा

अक्षर कोणतं हे कळणं अर्धंच काम. ते कुठे बसायला राजी असतं हे जास्त उपयोगी, आणि शाळेत आम्हाला कुणी हे सांगितलं नाही. मराठीत आपण जे लिहितो तेच साधारण बोलतो, त्यामुळे अक्षराला जागेची आवडनिवड असते ही कल्पनाच नव्हती. ‘हॅव’च्या शेवटी ई का, असं पाचवीत विचारलं तेव्हा “पाठ करा” एवढंच उत्तर मिळालं.

खरं उत्तर असं आहे की इंग्रजी शब्दाला व्हीवर संपायला आवडत नाही. एकेकाळी यू आणि व्ही हे एकच अक्षर दोन रूपांत लिहीत. शेवटी आलेलं ते चिन्ह स्वर की व्यंजन, हे कळावं म्हणून मागे ई लावायचे. यू आणि व्ही पुढे वेगळे झाले, ई मात्र चिकटून राहिला. म्हणून गिव्ह, लव्ह, सॉल्व्ह, कर्व्ह, नर्व्ह, ग्लव्ह. चौथ्या घरात व्ही हिरवा झाला की पाचव्या घरात आधी ई टाकून पाहावा. जेलाही शेवटची जागा वर्ज्य आहे, तिथे ‘जज’सारखं डी-जी-ई येतं. यूवर संपणारे शब्दही मोजकेच, ‘मेनू’सारखे, आणि बहुतेक बाहेरून आलेले.

उत्तरांच्या मूळ यादीत पहिल्या घरावर सर्वांत जास्त हक्क एसचा, शेवटच्या घरावर ईचा आणि त्याच्या मागोमाग वायचा. पण एस शेवटी टाकू नये. नुसता एस लावून केलेली अनेकवचनं त्या मूळ उत्तरांत घेतलेलीच नव्हती. ग्लास, बोनस, फोकस असे थोडे सापडतात, तेवढेच. ताई हे सगळं न वाचताच ओळखून होती. तिच्या मते हा भाषेचा खेळच नाही, संभाव्यतेचा आहे.

४. क्यू एकटा फिरत नाही

मला सगळ्यात आवडणारं अक्षर हेच. मूळ यादीत क्यू असलेले शब्द २९. त्यांतल्या २३ शब्दांची सुरुवातच क्यूने होते: क्वीन, क्विक, क्वाएट, क्वाइट, क्वोटा, क्वेरी. पाच शब्दांत तो दुसरा, इक्वल, इक्विप, स्क्वाड, स्क्वॉट आणि स्क्विब. एका शब्दात तिसरा, तो ‘पीक’. आपल्या शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही, तो फ्रेंचांकडून आलेला रुसवा आहे. चौथ्या-पाचव्या घरात क्यू एकदाही नाही. तसा तो येणारही नव्हता. क्यूच्या मागे यू लागणार, आणि यू शेवटच्या घरात सहसा बसत नाही. दोन सवयी एकत्र ठेवल्या की यादी न पाहताही हे कळतं. क्यूचा शब्द असला की मला चढतो तो आनंद असा.

हा यू क्यूच्या मानेवर बसवला नॉर्मन लोकांनी. १०६६ आधीच्या इंग्रजीत राणीला ‘क्वेन’ असंच काहीसं म्हणत, पण लिहिताना सी-डब्ल्यू-ई-एन. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांना सी-डब्ल्यू डोळ्यांना खुपलं, आणि त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे क्यू-यू लिहायला सुरुवात केली. उच्चार तोच राहिला, कपडे बदलले. राज्य बदललं की दप्तराची भाषा बदलते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता गंमत. यू नसलेला क्यू हवा असेल, आणि स्क्रॅबल खेळताना तो फार हवा असतो कारण क्यूचे दहा गुण, तर इंग्रज माणसाला घाम फुटतो. आपल्याला फुटायचं कारण नाही. यू न लावलेले क्यूचे पाच अक्षरी शब्द बघा. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. क्यू-आय-बी-एल-ए, किब्ला. चार अक्षरांत बसणारा काझीही आहे, क्यू-ए-डी-आय. हे सगळे स्क्रॅबलच्या कॉलिन्स यादीत आहेत. अरबीत घशातून येणारा जो ‘क़ाफ’, तो रोमन लिपीत दाखवायला युरोपातल्या पंडितांना क्यू मोकळा सापडला आणि त्यांनी त्याच्यामागे यू लावला नाही. मिरजेच्या किंवा मालेगावच्या बाजारात वाढलेल्या पोराला जे शब्द कानावरून माहीत असतात, ते लंडनचा खेळाडू यादी करून पाठ करतो.

याच माळेतला आणखी एक, क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची नव्हे. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून उताराने गावापर्यंत आणायची ही इराणी पद्धत. मलिक अंबरने सतराव्या शतकात तेव्हाच्या खडकी गावाला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरीने पाणी दिलं ते याच तंत्राने. भाचा क्यू हातात धरून बसला होता तेव्हा मी त्याला हा शब्द दिला, वर मलिक अंबरही ऐकवला. त्याने शब्द लावला आणि म्हणाला, “मावशी, इतिहासाचे वेगळे गुण नाहीत.”

५. पाचही स्वर राखाडी झाले तर घाबरू नका

ए, ई, आय, ओ, यू सगळे गेले तर उरतो वाय. क्रिप्ट, लिम्फ, निम्फ, ट्रिस्ट, पिग्मी, जिप्सी. ट्रिस्ट सोडला तर ही बहुतेक ग्रीक घराण्यातली नाहीतर ग्रीकांच्या शेजाराला राहिलेली, आणि तो वाय ग्रीकांच्या एका स्वराची आठवण. एवढी सहा-सात नावं लक्षात ठेवली की भागतं.

६. ‘आइट’च्या चाळीत शिरू नका

यावर मात्र जरा थांबते, कारण घरातली सगळ्यात मोठी भांडणं इथली आहेत.

समजा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच शेवटची चार घरं हिरवी झाली: आय-जी-एच-टी. माणूस खूश होतो, एकच अक्षर राहिलं म्हणतो. पण त्या एका घरात कोण कोण राहतं ते बघा. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. आणि उच्चाराने निराळा, पण कागदावर त्यांचा सख्खा भाऊ शोभेल असा एट, आठ या आकड्याचा. एकाच चाळीतल्या आठ ओळखीच्या खोल्या, दारावरचं पहिलं अक्षर तेवढं वेगळं. भाऊजी एकेका दारावर टकटक करत निघतात. लाइट, नाही. नाइट, नाही. राइट, नाही. संधी संपतात आणि त्यांची मालिका तुटते. मग दिवसभर कुणी टीव्ही मोठा लावू नये.

ताईची रीत वेगळी. ती अशा वेळी जो शब्द उत्तर असूच शकत नाही, तो मुद्दाम टाकते. ‘फिल्म्स’. एफ-आय-एल-एम-एस. अनेकवचन आहे, शेवटची अक्षरं जुळत नाहीत, उत्तर नाही हे नक्की. पण त्यात एफ, एल, एम, एस हे चार उमेदवार एका दमात तपासले जातात. एफ हिरवा झाला तर फाइट. एल पिवळा झाला तर लाइट, एम तर माइट, एस तर साइट. चौघांतलं कुणीच रंगलं नाही तर उरले नाइट, राइट, टाइट आणि एट. एका ओळीत आठाचे फार तर चार झाले, आणि निम्म्या वेळा तर थेट एकच. भाऊजींच्या रीतीने एका ओळीत आठाचे सात होतात.

“हे चीटिंग आहे,” असं भाच्याचं मत. तो ‘हार्ड मोड’ लावून खेळतो. त्यात एकदा मिळालेली खूण पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागते, त्यामुळे ‘फिल्म्स’ टाकताच येत नाही. ताई म्हणते, खेळाने परवानगी दिली आहे तर चीटिंग कसलं? मी ताईच्या बाजूची. माहीत असलेलं पुन्हा सिद्ध करण्यात संधी घालवण्यापेक्षा माहीत नसलेलं विचारावं. ‘-एटीसीएच’ची चाळही अशीच गजबजलेली आहे, बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. आणि ‘-ओयूएनडी’चीही.

या आयजीएचटीतले जी आणि एच आपल्याला फुकटचे वाटतात. ते फुकट नव्हते. जुन्या इंग्रजीत तिथे ‘ख’च्या जवळचा घासून येणारा उच्चार होता. जर्मनमध्ये रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात, त्यातला तोच. ‘नाइफ’मधला के सुद्धा असाच, पूर्वी उच्चारला जाणारा. इंग्रजांची जीभ बदलली, पण तोवर छापखाने सुरू झाले होते आणि खिळे बदलले नाहीत. म्हणून या खेळात कानाने जाणारा माणूस अडकतो. आम्हा मराठी माध्यमवाल्यांना इंग्रजी आधी डोळ्यांनी भेटलं, वीरकरांच्या डिक्शनरीत आणि तर्खडकरांच्या पाठमालेत. उच्चार पुढे कधीतरी कळले, काही अजून कळायचे आहेत. बोलताना आमची पंचाईत होते, इथे मात्र तीच बाजू उजवी पडते.

७. एकच अक्षर दोनदा येऊ शकतं

पुष्कळांच्या हे ध्यानातच येत नाही. ‘स्वीट’ टाकला आणि उत्तर ‘लेमन’ असेल तर दोन ईंपैकी पहिला पिवळा होतो, दुसरा राखाडी. याचा अर्थ ई एकच आहे. दोन्ही रंगले तर दोन आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘पेअरर’ हा शब्द आला होता, साल काढणारा या अर्थाचा, आर दोनदा. जगभरच्या मालिका त्या दिवशी तुटल्या.

८. शाळेतलं इंग्रजी साहेबाचं, खेळातलं अमेरिकेचं

फेव्हर, ह्यूमर, लेबर, कलर. आम्ही शाळेत हे शब्द यू घालून शिकलो, प्रत्येकी सहा अक्षरं. यू गाळला तर बाई लाल खूण करायच्या. वर्डलसाठी ते पाच अक्षरीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘ह्यूमर’ आला तेव्हा ब्रिटनमध्ये लोक चिडले होते. ५ मे २०२२ ला ‘होमर’ आला, बेसबॉलमधला होम रन. अमेरिकेबाहेर तो कुणाच्या गावीही नव्हता. इतक्या लोकांनी त्या दिवशी अर्थ शोधला की केंब्रिज डिक्शनरीने २०२२ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. क्रिकेटवाल्या देशांचा तो दिवस वाईट गेला एवढंच मी म्हणेन.

प्रुफं तपासताना मला हा गोंधळ रोज भेटतो. एकाच पुस्तकात वरच्या परिच्छेदात ‘कलर’ साहेबाचा, खालच्यात अमेरिकेचा. लेखकाला विचारलं तर तो म्हणतो, कॉम्प्युटरने केलं. खेळताना मी आता यू मनातल्या मनात खोडते, कामावर पुन्हा घालते.

भाचा आता न्यू जर्सीत आहे. खेळ ज्याच्या त्याच्या घड्याळात मध्यरात्री बदलतो, त्यामुळे आमचं उत्तर निघतं तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवसाची रात्र असते. शब्द ग्रुपवर फोडायचा नाही, नुसते रंगीत चौकोन टाकायचे, हा नियम त्याच्यामुळे झाला. चौकोन टाकायची युक्तीही आधी न्यूझीलंडमधल्या खेळाडूंनीच काढली होती. त्यांच्याकडे दिवस जवळजवळ सगळ्यांच्या आधी उजाडतो. वॉर्डलने ती डिसेंबर २०२१ मध्ये खेळातच घालून दिली.

९. अर्थ न कळता जिंकता येतं

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे इंग्रजी स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलेले खेळाडू. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नाही. त्यांनी काही आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही हेच केलं. त्यांच्यापुढे शब्द म्हणजे अक्षरांची एक कायदेशीर रांग, बाकी काही नाही.

खेळ म्हणून मला याचं कौतुक आहे, हेवा नाही. प्रुफं वाचतानाही असं करता येतं, शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून अक्षरं मोजत जायची, आणि चांगला मुद्रितशोधक काही वेळ तसं करतोच. पण दिवसभर तसं केलं तर संध्याकाळी डोकं रिकामं वाटतं. मला क्यूच्या मागे नॉर्मन लागतात, कनातीखाली मलिक अंबर लागतो. त्यापायी एखादी संधी गेली तर जाऊ दे.

आपले काही शब्द या खेळात चालतात हे कळल्यापासून मी अधूनमधून ते टाकते. धोबी, धोती, लाठी, तबला, सतार, पैसा, जोवार, आणि चक्क बाजरी, बी-ए-जे-आर-आय. शब्द स्वीकारला जातो. उत्तर म्हणून त्यातलं काही यायची आशा मी धरत नाही, पण जे राखाडी करून टाकायला जोवारीसारखा शब्द नाही.

१०. मराठीत घर कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

हा धडा अजून पुरा झालेला नाही. मराठीतही असे खेळ लोकांनी केले आहेत, आणि ताईने एका रविवारी वहीत आमचा घरगुती खेळ आखायला घेतला. पाच घरं काढली. मी म्हटलं, ‘प्रार्थना’ किती घरांचा? ती म्हणाली, तीन, प्रा-र्थ-ना. भाऊजी म्हणाले, मग पिवळा रंग कशाला देणार? कुणी ‘प्रकाश’ टाकला तर पहिलं घर हिरवं की पिवळं? प आहे, र आहे, काना नाही. ताईने वेलांट्या-काने वेगळे मोजून पाहिले, तर ‘स्त्री’ चार घरांची झाली, स, त, र आणि दीर्घ ई, आणि ‘कमळ’ सहा घरांचं, कारण प्रत्येक व्यंजनात एकेक अ लपलेला. लहान दिसणारा शब्द लांब आणि भरगच्च दिसणारा आखूड. इंग्रजीतल्या अक्षरांच्या सवयी आम्ही बोटांवर सांगतो, पण मराठीत सर्वांत जास्त वेळा येणारं व्यंजन कोणतं यावर तिघांची तीन मतं निघाली. भाऊजी र वर अडून बसले, मी त वर. ताईने रविवारची पुरवणी पुढ्यात ओढली, पेन्सिलला टोक काढलं आणि पहिल्या पानावरची अक्षरं मोजायला सुरुवात केली. जोडाक्षर आलं की ती थांबते आणि आम्हा दोघांकडे बघते.